कुपन-पुस्तिकेचे सहा महिने: घोडबंदर रस्त्यावरच्या एका किराणा दुकानाचा हिशेब

जून २०२५ मध्ये ठाण्यात घोडबंदर रस्त्याला लागून असलेल्या, आमच्या नेहमीच्या मोठ्या किराणा दुकानाने कुपनांची पुस्तिका विक्रीला काढली. किंमत ४९९ रुपये, मुदत जून ते नोव्हेंबर २०२५, आत दर महिन्याची सहा याप्रमाणे ३६ कुपने आणि मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत ‘३,४५० रुपयांची हमखास बचत’ असे आश्वासन. मी ती पहिल्याच आठवड्यात घेतली आणि किराण्याच्या वहीत तिच्यासाठी एक वेगळे पान राखून ठेवले. त्या पानावर जमा झालेल्या नोंदींवरून हे लिहीत आहे. दुकानाचे नाव देत नाही, कारण माझे जे काही म्हणणे आहे ते तेथील माणसांविषयी नसून पुस्तिकेच्या अटींविषयी आहे.

प्रथम पुस्तिकेत काय होते ते सांगते. प्रत्येक महिन्यात १,५०० रुपयांवरील बिलावर १५० रुपये सूट देणारी दोन कुपने, साबण-सफाईच्या वस्तूंवर दहा टक्के, पण जास्तीत जास्त ७५ रुपये सूट देणारे एक, तयार खाद्यपदार्थांवर ५० रुपयांचे एक, २,५०० रुपयांच्या बिलावर फरशी पुसण्याच्या द्रावणाची बाटली मोफत देणारे एक आणि दुकानाच्या स्वतःच्या छापाच्या बिस्किटांवर ‘एकावर एक’ असे शेवटचे. कागद चांगला, छपाई स्वच्छ, कुपन फाडण्यासाठी टोचलेल्या रेषाही व्यवस्थित. अटी मात्र मागच्या आतल्या पानावर, चष्मा लावूनही डोळे बारीक करावे लागतील इतक्या लहान टाइपात होत्या. पुस्तिका घेताना मोबाइल क्रमांक मागितला गेला आणि मी तो दिला. विक्रेत्यांनी क्रमांकासाठी अडवणूक करू नये, असे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच सांगितले होते, हे मला घरी आल्यावर आठवले. तेव्हापासून दिवसाला दोन संदेश येत आहेत.

अटींपैकी सर्वांत महत्त्वाची अट अशी की तेल, साखर, तांदूळ आणि सुट्या डाळी यांची रक्कम कुपनासाठीच्या बिलात धरली जात नाही. आमचे चार माणसांचे घर आहे आणि या दुकानात आमचे महिन्याला सुमारे ४,८०० रुपये जातात, परंतु त्यातील जवळपास निम्मी रक्कम नेमकी याच चार गोष्टींची असते. त्यामुळे महिन्याच्या एकाच खरेदीत १५० रुपयांची दोन्ही कुपने वापरावीत ही माझी पहिली कल्पना जूनच्या पाच तारखेलाच मोडीत निघाली. शिवाय एका बिलावर एक आणि एका दिवसात एकच कुपन अशी आणखी एक अट होती. म्हणजे दुसऱ्या कुपनासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा जाणे आले, आणि हातात दोन पिशव्या असताना मी चालत येऊ शकत नाही. रिक्षाचे किमान भाडे फेब्रुवारी २०२५ पासून २६ रुपये झाले आहे. जाऊन-येऊन ५२ रुपये १५० मधून वजा केले की कुपन ९८ रुपयांचे उरते. केवळ कुपनासाठी अशा चार फेऱ्या झाल्या, त्या मी वहीत वेगळ्या लिहून ठेवल्या आहेत.

आता ज्या प्रकारामुळे हे परीक्षण लिहावेसे वाटले, त्याकडे येते. जुलैमध्ये मी कपडे धुण्याच्या लिक्विडचे मोठे पाकीट घेतले. त्यावरील छापील किंमत ६२० रुपये होती आणि दुकान ते रोजच ५४५ रुपयांना विकत होते, तशी चिठ्ठी फळीवर लावलेली होती. दहा टक्क्यांचे कुपन लावले की ते पाचशेच्या खाली येईल असे माझे गणित होते. काउंटरवरच्या मुलीने कुपन हातात घेतले, पडद्याकडे पाहिले आणि हळूच म्हणाली, “काकू, हे नका लावू. तसंच घ्या, स्वस्त पडतंय.” मला आधी काही उमगेना. मग तिने पडदा माझ्याकडे वळवला. टक्केवारीचे कुपन छापील किमतीवर लागते, आणि ते लावले की दुकानाची रोजची सूट त्या वस्तूपुरती रद्द होते. ६२० चे दहा टक्के ६२, म्हणजे कुपनासह पाकीट ५५८ रुपयांचे झाले असते. ज्या कुपनासाठी मी पैसे मोजले होते, त्याने मला तेरा रुपये जास्त द्यायला लावले असते.

छापील किमतीपेक्षा जास्त घेणे कायद्याने मना आहे, कमी किमतीला विकण्यास कोणतीही आडकाठी नाही, आणि त्यामुळेच मोठी दुकाने बहुतेक वस्तू आधीच काही रुपये उतरवून ठेवतात. छापील किंमत ही एक मर्यादा आहे, तो बाजारभाव नव्हे. तिच्यावर मोजलेली टक्केवारी ऐकायला मोठी वाटते, पण ती कशातून वजा होते ते कोणी सांगत नाही. व्यवस्थापकांना मी हे विचारले तेव्हा त्यांनी शांतपणे अटींचे पान उघडून नववी ओळ दाखवली. ओळ तेथे होतीच, त्यांची चूक काढता येत नव्हती. मात्र मुखपृष्ठावरील ‘हमखास’ हा शब्द आणि ती नववी ओळ एकाच पुस्तिकेत कशा नांदतात, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करण्याचे क्षणभर मनात आले होते, पण त्या मुलीने वेळीच सावध केल्यामुळे माझे नुकसान काहीच झाले नव्हते, म्हणून विषय सोडला. त्यानंतर टक्केवारीचे कुपन मी केवळ अशाच वस्तूंवर वापरले ज्यांच्या फळीवर सवलतीची चिठ्ठी नव्हती.

याच निमित्ताने आणखी एक सवय लागली, आणि खरे तर पुस्तिकेपेक्षा तिनेच मला अधिक पैसे मिळवून दिले. आवेष्टित वस्तूंच्या पाकिटावर आता एकूण किमतीखेरीज एककाची किंमतही छापलेली असते. त्यात एक मेख आहे. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ती दर ग्रॅमला आणि एक किलोपेक्षा जास्त वजनाच्या पाकिटावर दर किलोला दिलेली असते, त्यामुळे शेजारी ठेवलेल्या दोन पाकिटांवरचे आकडे नुसते डोळ्यांनी ताडून पाहता येत नाहीत, एकाला हजाराने गुणावे लागते. कपड्यांच्या पावडरचे उदाहरण घ्या. एक किलोचे पाकीट १४० रुपयांचे, कुपन लावून १२६. तीच पावडर चार किलोच्या थैलीत ४८० रुपयांना, म्हणजे किलोला १२०, कुपनाशिवाय. मोठे पाकीट नेहमीच स्वस्त असते असेही नाही. चहापत्तीच्या बाबतीत अर्धा किलोची दोन पाकिटे एक किलोच्या एका पाकिटापेक्षा कमी पैशांत मिळाल्याचे मी दोनदा पाहिले, कारण सूट फक्त लहान पाकिटावर होती.

सप्टेंबरमध्ये आणखी एक गंमत झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले आणि टूथपेस्ट, अंघोळीचा साबण, शाम्पू, केसांचे तेल यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, बिस्किटांचाही तसाच उतरला, तूप आणि लोणी १२ वरून ५ वर आले. ११८ रुपयांची वस्तू १०५ रुपयांना मिळू लागली, म्हणजे किंमत अकरा टक्क्यांनी उतरली. गृहिणीला याचा आनंदच झाला पाहिजे आणि तो मला झालाही. मात्र पुस्तिका जूनमध्ये छापलेली, तिच्यातली १,५०० रुपयांची मर्यादा तेथेच राहिली. ऑगस्टमध्ये १,५४० रुपये झालेली तीच यादी ऑक्टोबरमध्ये १,४५० च्या आसपास येऊन थांबली आणि कुपन हुकले. किमती उतरल्यामुळे सवलत गेली, असा प्रसंग मी आयुष्यात प्रथमच पाहिला. (कपड्यांच्या पावडरीवरचा कर मात्र १८ टक्केच राहिला, हे पावडरीच्या थैलीकडे पाहून लगेच कळले.)

मर्यादेला पाच-पन्नास रुपये कमी पडले की माणसाचा हात आपोआप काउंटरशेजारच्या फळीकडे जातो. माझाही गेला. यादीत नसलेले, केवळ १,५०० चा आकडा गाठण्यासाठी उचललेले सामान सहा महिन्यांत ६४० रुपयांचे झाले. त्यातले निम्मे पुढे-मागे लागणारेच होते, म्हणून त्याला दोष देत नाही. उरलेल्या निम्म्यात चिंचेच्या सॉसची एक बाटली आहे, ती आजही फ्रिजच्या दारात तशीच उभी आहे.

दिवाळीविषयी वेगळे लिहावे लागेल. गणपतीच्या दिवसांत कुपने चालू होती. दिवाळीत मात्र १० ते २५ ऑक्टोबर या काळात ती बंद राहतील असे अटींतच म्हटले होते. रवा, मैदा, बेसन, पोहे, डालडा, सुके खोबरे हे सर्व मी ज्या पंधरवड्यात घेते, नेमका तोच पंधरवडा. फराळाच्या त्या सामानासाठी मी सरळ जांभळी नाक्यावर गेले. तेथील घाऊक किराणा दुकानांत कुपन नसते आणि गोड बोलणेही फारसे नसते, पण पाच किलोच्या वर माल घेतला की भाव मागावा न लागता उतरतो. गर्दीतून तलावपाळीकडे बाहेर पडताना हात भरून आले होते, तरी मी बरोबर गेलेल्या जावेला म्हटले की पुढच्या वर्षी पुस्तिकेची वाट पाहणे नको.

न्यू जर्सीत राहणारी माझी भाची कुपनांवर घर चालवते असे म्हटले तरी चालेल, आणि तिचे ऐकूनच मला हा उत्साह आला होता. तिकडे उत्पादकाचे कुपन वेगळे आणि दुकानाचे वेगळे असते. अनेक दुकाने ती दोन्ही एकाच वस्तूवर स्वीकारतात, आणि उत्पादकाच्या कुपनाची रक्कम दुकानदाराला पुढे उत्पादकाकडून परत मिळते. आपल्याकडे वस्तूवर कमाल किंमत छापलेली असल्यामुळे उत्पादकाला सूट द्यायची असेल तर तो पाकिटावरची किंमतच उतरवतो किंवा ‘वीस टक्के जास्त’ म्हणून आतला माल वाढवतो. कुपन हा प्रकार आपण वर्तमानपत्रातून कापून प्रवेशिकेवर चिकटवण्यापुरता, किंवा फार तर साबणाची वेष्टने जमवून स्टीलचा चमचा मिळवण्यापुरता ओळखत होतो. दुकानाने स्वतः काढलेले कुपन हे शेवटी दुकानाच्या नफ्यातूनच येते, त्यामुळे ते किती उदार असावे हेही दुकानच ठरवते. वागळे इस्टेटमध्ये मुख्य कार्यालय असलेल्या डी-मार्टने तर हा मार्गच धरलेला नाही. तेथे पुस्तिका नसते, रोजचाच भाव छापील किमतीच्या खाली ठेवलेला असतो. दोन्ही पद्धती सहा महिने शेजारी-शेजारी पाहिल्यावर मला दुसरी अधिक सरळ वाटते, कारण तीत बारीक टाइपाचे पान वाचावे लागत नाही.

आता वहीतील बेरीज. ३६ पैकी १७ कुपने वापरली गेली. १५० रुपयांची नऊ, म्हणजे १,३५०. सफाईच्या वस्तूंची पाच, मिळून २८०. खाद्यपदार्थांची दोन, १०० रुपये. मोफत बाटली एकदाच मिळाली, ती ११० रुपयांची. एकूण १,८४० रुपये. बिस्किटांचे एकही कुपन वापरले नाही, कारण ती बिस्किटे पहिल्यांदा नुसती चाखून पाहिली तेव्हाच घरात कोणालाही आवडली नाहीत. १,८४० मधून पुस्तिकेचे ४९९ वजा जाता १,३४१ उरले. त्यातून रिक्षाचे २०८ आणि अनावश्यक सामानाचे ३२० काढले की ८१३ रुपये राहतात, म्हणजे महिन्याला सुमारे १३५. दोन लिटर दुधाचे पैसे सुटले असे म्हणता येईल. मुखपृष्ठावरचे ३,४५० हा आकडा खोटा नाही, बेरीज मी करून पाहिली आहे, परंतु तो हाती येण्यासाठी सगळी ३६ कुपने, त्यांतील ‘एकावर एक’ बिस्किटांसह, वापरावी लागतील आणि तसे वापरणारे कुटुंब कसे असेल याची मला कल्पना करता येत नाही.

दुकानाविषयी मात्र मला चांगलेच लिहायचे आहे. सुटे धान्य निवडलेले असते, वजनात कधी खोट आढळली नाही, मुदत संपत आलेला माल वेगळ्या फळीवर तसा फलक लावून ठेवतात. श्रावणात आणलेल्या रव्यात किडे निघाले तेव्हा बिल दाखवताच दहा मिनिटांत दुसरे पाकीट मिळाले, कोणी कपाळाला आठी घातली नाही. काउंटरवरच्या त्या मुलीविषयी तर मी सूचना-वहीत मुद्दाम चार ओळी लिहून आले. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर दुकानाला चार देईन आणि पुस्तिकेला दोन.

ज्यांचे घर सहा-सात माणसांचे आहे, दुकान चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि साबण-सफाई, सुकामेवा, बंद पाकिटातील वस्तू यांवरच महिन्याला चार हजारांच्या पुढे खर्च होतो, त्यांना ही पुस्तिका परवडेल. आमच्यासारख्यांनी ती एकट्याने घेऊ नये. डिसेंबरमध्ये नवी पुस्तिका आली तेव्हा कुपनावर कोणाचे नाव नसते हे ध्यानात घेऊन समोरच्या वहिनींनी आणि मी ती निम्म्या-निम्म्या वर्गणीत घेतली. दर महिन्याचे १५० चे एक-एक कुपन दोघींकडे, सफाईचे त्यांच्याकडे, मोफत बाटलीचे माझ्याकडे आणि खाद्यपदार्थांचे ज्या घरी पाहुणे येतील त्यांच्याकडे. बिस्किटांची सहाही कुपने वहिनींच्या धाकट्याने मागून नेली आहेत. त्याला ती बिस्किटे आवडतात.