चौकाची नवी मांडणी : पाचपैकी साडेतीन, तेही काठीनं मोजून

मी निवृत्त गणित शिक्षिका. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन महिने दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून काढले, आणि नेमका त्याच तीन महिन्यांत खालचा चौक उकरून नव्यानं मांडला गेला. जुना चौक पायांना पाठ होता. नवा आधी डोळ्यांनी पाहिला, मग काठी टेकत ओलांडला. हाताशी स्टॉपवॉच होतं. परीक्षण लिहायला एवढी पात्रता पुरेशी आहे असं मी धरून चालते.

काम संपल्यावर सगळ्यांनी कौतुक केलं ते सिग्नलवरच्या मोठ्या आकड्यांचं. लाल दिवा अजून किती सेकंद, ते उलटं मोजणारा टायमर. माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वात वाईट गोष्ट आहे. एका बाजूचा पिवळा संपला की दोन सेकंद चारही बाजूंना लाल राहतो. शेवटच्या क्षणी घुसलेल्या गाडीला चौकातून बाहेर पडायला दिलेली ती उसंत आहे. टायमरवर पाच दिसले की इंजिनं गुरगुरायला लागतात, तीन दिसले की दुचाकी झेब्रावर सरकतात आणि एक दिसेपर्यंत निम्म्या चौकात असतात. म्हणजे जीव वाचवायला ठेवलेले दोन सेकंद टायमरनं सगळ्यांना आधीच वाटून टाकले. पायी चालणाऱ्यांच्या दिव्यावर आकडे हवेतच, ते मला रोज उपयोगी पडतात. गाड्यांना कशाला?

आता खरं काम, ज्याचं कोणी नावही घेत नाही. कोपरे. पूर्वी आमच्या बाजूचा कोपरा असा ऐसपैस गोलाकार होता की डावीकडे वळणारी गाडी ब्रेकला पायही न लावता वळायची. आता पदपथ पुढे आणून तो कोपरा आवळला आहे. गाडीला वेग कमी केल्याशिवाय वळताच येत नाही. तिथे पाटी नाही, पोलीस नाही, दंड नाही, नुसता दगडी काठ आहे. वेग ३० वरून ५० वर गेला तर धडकेतली ऊर्जा पावणेतीन पटीहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. नववीच्या मुलांना हे मी फळ्यावर शिकवायचे. कोपरा तेच शिकवतो आणि त्याचं सगळे ऐकतात.

शिवाय ओलांडायचं अंतर घटलं. पूर्वी साधारण १६ मीटर होतं, आता ११. सिग्नल आखताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं बऱ्याच ठिकाणी धरतात. माझा काठीसह वेग ०.७ भरला, घरातल्या लांब पट्ट्यात पाच वेळा मोजून सरासरी काढली आहे. म्हणजे जुना रस्ता पार करायला मला जवळजवळ २३ सेकंद हवे होते, आता १६ पुरतात. आणि दिवा देतो किती? सात सेकंद हिरवा माणूस, नऊ सेकंद लुकलुकता. सोळाच. हिरवा होताक्षणी पाऊल टाकलं तर मी शेवटच्या सेकंदाला पलीकडे टेकते. सातव्या सेकंदाला निघाले तर सव्वासहा मीटरवर, म्हणजे रस्त्याच्या मध्यापाशी, माझ्यावर लाल होतो. मध्ये थांबायला चार हात रुंद बेट बांधलं असतं तर हे गणित मांडायची वेळच आली नसती.

एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची केली आहे. पायी चालणाऱ्यांचा दिवा गाड्यांच्या चार सेकंद आधी हिरवा होतो. चार सेकंदांत मी पावणेतीन मीटर पुढे, जवळजवळ एक लेन पार. वळणारा चालक निघतो तेव्हा मी पदपथावर 'जाऊ की नको' करत उभी नसते, त्याच्या समोर झेब्रावर असते. समोर दिसणाऱ्या म्हातारीला बहुतेक जण थांबतात. न दिसलेलीला कोण थांबणार?

जाता जाता : जगातला पहिला वाहतूक सिग्नल १८६८ मध्ये लंडनला पार्लमेंटबाहेर लावला, त्यामागे पायी चालणाऱ्यांची सोय हा हेतू होताच. गॅसवर चालायचा. दुसऱ्याच महिन्यात स्फोट होऊन पोलीस जखमी झाला. चालणाऱ्यांचा विचार तिथून जो मागे पडला तो आता कुठे आमच्या चौकात परत येतोय.

वाहतूक सुरळीत झाली का? झाली, आणि त्यात जादू नाही. पूर्वी चारही रस्त्यांना एकेक करून हिरवा मिळायचा, एक फेरी १८० सेकंदांची. आता मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजू सरळ जाणाऱ्या एकदम सुटतात, मग त्यांच्यातले उजवीकडे वळणारे, मग दोन्ही छोटे रस्ते एकत्र. चाराच्या तीन पाळ्या, फेरी ९० सेकंदांची. आमच्या मजल्यावरचे एक गृहस्थ मला समजावत होते की हिरवा जितका लांब तितकी गर्दी लवकर ओसरते. त्यांना मी ब्रिटिश वाहतूक-संशोधक वेबस्टरचं १९५८ चं सूत्र कागदावर काढून दिलं. गाड्यांचा खोळंबा कमीत कमी होईल अशी फेरी किती सेकंदांची हवी, ते त्यातून निघतं. फेरीत वाया जाणाऱ्या सेकंदांची दीडपट, अधिक पाच. त्याला भागायचं एक वजा भारानं. भार म्हणजे प्रत्येक पाळीतल्या सर्वात गर्दीच्या लेनमध्ये तासाला येणाऱ्या गाड्या भागिले त्या लेनमधून तासाला जास्तीत जास्त सुटू शकणाऱ्या गाड्या, आणि या सगळ्या अपूर्णांकांची बेरीज. एका लेनमधून दोन सेकंदांना एक गाडी, म्हणजे तासाला १,८०० धरा. पाळी बदलताना चारेक सेकंद वाया जातात. खिडकीतून मोजलेल्या गाड्या जुन्या चार पाळ्यांत बसवल्या तर भार ०.८५ येतो आणि फेरी निघते १९३ सेकंदांची. त्याच गाड्या नव्या तीन पाळ्यांत बसवल्या तर भार ०.७ आणि फेरी ७७. गाडी एकही कमी झाली नाही, रांग मात्र कमी झाली. गृहस्थांनी कागद घडी करून खिशात घातला. पटलं की नाही, कळलं नाही.

उजवीकडे वळणाऱ्यांची वेगळी लेन छान, पण आखूड आहे. पाच गाड्या मावतात. सहावी सरळ जाणाऱ्यांच्या वाटेत उभी राहते आणि मागचे हॉर्न मला वर ऐकू येतात. बसथांबा सिग्नलच्या अलीकडून पलीकडे नेला, हे उत्तम. आता हिरव्यात उभी बस लेन अडवत नाही आणि उतरलेली मुलं बसच्या पुढून धावत नाहीत.

काहींना इथे सिग्नलऐवजी गोल (राउंडअबाउट) हवा होता. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी भिडतात, एका लेनच्या गोलात फक्त ८ ठिकाणी, हे खरंच आहे. पण आमच्याकडे तेवढी जागा नाही, आणि एका रस्त्याची गर्दी बाकीच्यांना आत शिरूच दिली नसती. काहींना उड्डाणपूल हवा होता. आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला. पूल उतरतो त्या पुढच्या चौकात हीच रांग लागली असती.

दीड तारा कापला, त्यातला अर्धा टायमरचा. उरलेला एक अख्खा चौथ्या बाजूचा. त्या बाजूला झेब्राच आखलेला नाही. 'गाड्यांचा ओघ तुटू नये म्हणून' असं उत्तर मिळालं. नकाशावर ती बाजू ओलांडणारं कोणी नसेलही. माझ्या खिडकीतून एका सकाळी तासाभरात ४१ जण दिसले, त्यात दोन बाबागाड्या. माझा फिजिओथेरपीचा दवाखाना त्याच बाजूला. मी सध्या तीन बाजू फिरून जाते. सिग्नल धरून सव्वाचार मिनिटं लागतात, सरळ गेले असते तर १६ सेकंद.