तक्रारीची नोंद होते, भरपाईचे काय? जागतिक बँकेच्या इन्स्पेक्शन पॅनेलचे परीक्षण

कर्ज आंतरराष्ट्रीय बँकेचे, कंत्राटदार परदेशी आणि जमीन मात्र गावकऱ्यांची, अशा प्रकल्पात नुकसान झाल्यास दाद कोणाकडे मागायची? या प्रश्नातूनच जागतिक बँकेचे इन्स्पेक्शन पॅनेल जन्माला आले. सरदार सरोवराच्या पुनर्वसनावर जागतिक बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीने 1992 मध्ये कठोर अहवाल दिला आणि पुढच्याच वर्षी तीन सदस्यांचे हे स्वतंत्र पॅनेल स्थापन झाले. प्रकल्पबाधितांसाठीची एक सेवा म्हणून त्याकडे पाहिले, तर मला ते आदरास पात्र आणि तरीही अपुरे वाटते.

तक्रार करणे खरोखर सोपे आहे. बाधितांपैकी दोघांनी मिळून, आपल्या भाषेत, साध्या पत्राने ती केली तरी चालते. शुल्क नाही, वकिलाची सक्ती नाही आणि मागणी केल्यास नावे गुप्त राहतात. ज्या माणसाला साध्या कार्यालयातही कोणी बसा म्हणत नाही, त्याच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट आहे. पहिल्याच प्रकरणात, नेपाळच्या अरुण-3 जलविद्युत प्रकल्पात, चौकशीनंतर 1995 मध्ये बँकेने माघार घेतली.

उणीव दिसते ती पुढे. पॅनेल बँकेने स्वतःचे नियम पाळले की नाही एवढेच तपासते. कंत्राटदाराला दंड करणे किंवा भरपाईचा आदेश देणे त्याच्या अधिकारात नाही. अहवाल संचालक मंडळाकडे जातो आणि उपाययोजनेचा आराखडा बँकेचे व्यवस्थापनच तयार करते, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार, त्यांच्याच हाती उपाय.

युगांडातील कामवेंगे ते फोर्ट पोर्टल या 66 किलोमीटर रस्त्याचे उदाहरण मला सर्वाधिक अस्वस्थ करते. रस्त्याच्या कामावरील मजुरांनी अल्पवयीन मुलींचे लैंगिक शोषण केल्याच्या तक्रारी आल्या आणि डिसेंबर 2015 मध्ये बँकेने कर्जच रद्द केले. निर्णय कठोर होता, परंतु कर्ज गेले की काम सुधारून घेण्याचा बँकेचा दाबही जातो, आणि पीडित मुली मात्र त्याच गावात राहतात. त्यांच्यासाठी मदतीचा कार्यक्रम नंतर आखावा लागला. पॅनेलच्या 2016 च्या अहवालाचे खरे फळ उशिरा आले: लैंगिक हिंसा रोखण्याच्या अटी मोडणाऱ्या कंत्राटदाराला बँकेच्या कंत्राटांतून दोन वर्षे बाद करण्याची तरतूद 2021 पासून लागू झाली.

2020 मध्ये पॅनेलच्या जोडीला मध्यस्थीची सोय आली आणि तक्रारीची मुदत कर्जाचे वाटप बंद झाल्यानंतर 15 महिन्यांपर्यंत वाढली. दोन्ही बदल स्वागतार्ह आहेत. तरीही बाधितांनी या मुदतीच्या भरवशावर थांबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. बँकेकडून कर्जाची रक्कम टप्प्याटप्प्याने दिली जात असतानाच तक्रार केली, तर बँकेजवळ काही अडवून धरण्याजोगे शिल्लक असते.