"फॅन मोटर जळाली" म्हणून बाबांकडून साडेनऊ हजार घेतले, मोटर बदललीच नव्हती

मुंबईत ज्यांची गाडी ट्रॅफिकमध्ये गरम होतेय आणि गॅरेजवाल्याने "रेडिएटर फॅनची मोटर गेली" असं सांगितलंय त्यांनी पैसे द्यायच्या आधी हे वाचा, लांबलंय पण वाचा.

गाडी बाबांची, जुनी पेट्रोल हॅचबॅक, पण नीट ठेवलेली. बाबा रिटायर्ड, मुलुंडहून दादरला आत्याकडे जाऊन-येऊन असतात. झालं असं की सायनला ट्रॅफिकमध्ये अडकलं की टेम्परेचरचा काटा चढायचा, एसी गरम हवा मारायचा, आणि ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला लागून जरा स्पीड घेतला की काटा आपोआप खाली. हे लक्षण नीट लक्षात ठेवा, कारण सगळं इथेच आहे. गाडी पळत असते तेव्हा समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, फॅनची गरज पडत नाही. गाडी उभी राहिली की फॅन हवाच. एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढेच असतो त्यामुळे फॅन बंद तर उभ्या गाडीत एसीपण मरतो. म्हणजे फॅन फिरत नव्हता हे खरंच होतं, प्रश्न होता का फिरत नव्हता.

बाबांनी गाडी घराजवळच्या एका गॅरेजला दाखवली, नाव लिहीत नाही. तिथे गाडी दोन-तीन तास उभी ठेवली, मग बाबांना बोलावून चावी ऑन केली आणि म्हणाला, "काका बघा, फॅन फिरतोय का? नाही ना? मोटर जळाली. अशीच चालवलीत तर हेड गॅस्केट जाईल, मग पन्नास हजाराला बसाल." हेड गॅस्केट म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील. आता हे ऐकून कुठलाही म्हातारा माणूस घाबरणारच. पण गार इंजिनवर, एसी बंद असताना, फॅन फिरतच नाही! नवी कोरी गाडी असली तरी नाही. बहुतेक गाड्यांत कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं पाणी, ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेलं की ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, फॅन चालू करतो, त्याआधी नाही. म्हणजे त्याने जे दाखवलं त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं आणि हे त्यालाही माहीत होतं, याचा मला जास्त राग आहे.

बिल साध्या कागदावर हाताने लिहिलेलं, फॅन मोटर असेंब्ली ९,५००, मजुरी १,५००, कूलंट ८००. पार्ट नंबर नाही, जीएसटी नंबर नाही. जुनी मोटर मागितली तर "भंगारात गेली". गाडी मात्र चालली, काटा शांत, एसी गार, बाबा खूश.

मग आम्ही नाशिकला निघालो, कसारा घाटात धुकं, फॉग लॅम्प लावायला गेलो तर दोन्ही बंद. दोन्ही बल्ब एकदम जात नाहीत सहसा, म्हणून परत आल्यावर भांडुपच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गाडी नेली. त्याने बोनेटखालचा फ्यूज बॉक्स उघडला, फॉगचा रिले (करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच) काढला, वरचं कव्हर उचकटलं, आतले काँटॅक्ट पार काळे. म्हणाला दोन फॉग मिळून साधारण ९ अँपियर घेतात, त्याने रिले असा जळत नाही, हा रेडिएटर फॅनचा आहे. आमच्या गाडीत दोन्ही रिले एकाच टाइपचे आहेत. त्याने तो जळका रिले फॅनच्या जागी लावला, इंजिन चालू केलं, एसी लावला, रिले टक करून वाजला पण फॅन ढिम्म. मग तिथे हॉर्नचा रिले लावला, तोही त्याच टाइपचा, फॅन लगेच सुरू. म्हणजे आजार मुळात फक्त रिलेचा होता, दोन-अडीचशे रुपयांचा पार्ट, आणि गॅरेजवाल्याला तो सापडलाही होता, त्याने फॉगचा चांगला रिले फॅनला लावला, जळका फॉगच्या जागी ढकलला आणि बिल मोटरचं लावलं.

आणि मोटर? "नवीन" असेंब्लीवर काळा स्प्रे मारलेला. गेल्या वर्षी बंपरचा इन्शुरन्स क्लेम केला होता त्याचे फोटो माझ्या फोनमध्ये होते, त्यात फॅनच्या प्लॅस्टिक फ्रेमचा डावा कोपरा तुटलेला दिसतो. आत्ताच्या "नवीन" फ्रेमचा तोच कोपरा, तसाच तुटलेला, वरून रंग. तीच मोटर पुसून रंगवून परत लावली होती.

मी आणि बाबा गॅरेजला गेलो. आधी "नवीनच आहे साहेब", फोटो दाखवल्यावर "पोरांनी जुनी रिपेअर करून बसवली असेल, मला माहीत नाही". ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार टाकतो म्हटल्यावर ९,५०० यूपीआयने परत आले, मजुरी नाही दिली.

तर कुणी मोटर गेली म्हणालं तर त्याला सांगा, माझ्यासमोर डायरेक्ट करून दाखव. फॅनचा कनेक्टर काढायचा आणि बॅटरीवरून जाड वायरने प्लस-मायनस थेट मोटरला द्यायचं, मध्ये फ्यूज घालून. फिरली तर मोटर चांगली, विषय संपला, दोष पुढे शोधायचा. पाच मिनिटांचं काम आहे, जो नाही म्हणेल त्याच्याकडून गाडी उचला. त्याच्याही आधी घरच्या घरी इंजिन चालू करून एसी लावून बघा, बहुतेक गाड्यांत एसी लागला की फॅन थोड्या वेळात फिरायलाच हवा, इंजिन गार असलं तरी. फिरला नाही तर आधी फ्यूज, बोनेटखालच्या बॉक्समधला मोठा, बऱ्याच गाड्यांत ३० किंवा ४० अँपियरचा. उडाला असेल तर त्याच आकड्याचा टाका, मोठा टाकू नका, वायरिंग जळेल. मग रिले, त्याच टाइपचा दुसरा लावून बघायचा. मग अर्थची वायर, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेली मायनसची, पाणी तुंबलेल्या रस्त्यांतून गाडी गेली असेल, हिंदमाता म्हणा किंगसर्कल म्हणा, तर अर्थचा बोल्ट आणि कनेक्टर गंजून हिरवा झालेला असू शकतो, घासून साफ केला की काम होतं. शेवटी कूलंट टेम्परेचर सेन्सर, त्याचा प्लग काढला तर बऱ्याच गाड्यांत ईसीयू सेफ्टी म्हणून फॅन चालू करून ठेवतो. तसं झालं तर फॅन, रिले, वायरिंग ठीक आहे आणि सेन्सरकडे बघायचं. चेक इंजिनची लाइट लागेल, ती स्कॅनरने काढता येते.

हेड गॅस्केटच्या नावाने घाबरवलं तर विचारा कशावरून. ऑइल दुधाळ झालंय का, सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येतोय का, कुठेही लीक नसताना कूलंट कमी होतंय का. यातलं काही नसेल आणि गाडी फक्त उभी असतानाच गरम होत असेल तर आधी फॅनच बघायचा. कुणी डॅशबोर्डखाली स्विच बसवून देतो म्हणाला तर नको म्हणा, एक दिवस चालू करायचा राहिला की तेव्हा खरंच गॅस्केट जाईल.

इंजिन गरम असताना रेडिएटरची कॅप उघडू नका, आणि फॅनजवळ हात घालायचा असेल तर आधी कनेक्टर काढा, काही गाड्यांत चावी बंद असली तरी फॅन अचानक सुरू होतो.

जुना पार्ट काम सुरू व्हायच्या आधीच मागून ठेवा आणि नव्याचा बॉक्स डोळ्यांनी बघा. बिलावर पार्ट नंबर आणि जीएसटी नंबर नसेल तर यूपीआयनेच पैसे द्या, निदान तो पुरावा राहतो. गॅरेजवाला ऐकतच नसेल तर जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. आमचा तो जळका रिले बाबांनी पिशवीत घालून बिलासोबत ठेवलाय, मजुरीचे १,५०० अजून यायचेत.