तंजावर: टूरबरोबर की आपलं आपण?

तंजावरला जायचं ठरलं की घरात पुढचा प्रश्न ठरलेला. दक्षिण भारताच्या टूरमध्ये ते येतंच, तर तसंच बघून घ्यायचं, की तिकिटं-हॉटेल स्वतः काढून सवडीनं फिरायचं? मी दोन्ही केलं आहे. आधी आईवडिलांना घेऊन एका टूर कंपनीबरोबर, आणि पुढे काही वर्षांनी बायकोबरोबर आपलं आपण. तेव्हा जे लिहितो आहे ते अनुभवावरून. तुमचा अनुभव वेगळा असू शकतो, पण एका गोष्टीबाबत तो फार वेगळा असेल असं मला वाटत नाही.

आधी टूरच्या बाजूनं बोलतो, कारण ती बाजू लंगडी नाही. तमिळनाडूत भाषेची अडचण खरी आहे. तंजावरच्या जुन्या बसस्टँडवर हिंदी जवळजवळ चालत नाही, बसच्या पाट्या बहुतेक तमिळमध्ये, आणि रिक्षावाल्याशी भाव ठरवताना बोटांवर आकडे दाखवावे लागतात. टूरमध्ये यातलं काहीच तुमच्या अंगावर येत नाही. बॅगा खोलीपर्यंत पोचतात, संध्याकाळी पोळी-भाजी मिळते, आणि सत्तरीच्या माणसांना बसायला हक्काची सीट असते. आईचे गुडघे दुखायचे. टूर मॅनेजर मुलगा प्रत्येक ठिकाणी तिला हात देऊन उतरवायचा, हे मी विसरलेलो नाही. त्या वयात ती एकटी माझ्या भरवशावर आली असती का, शंकाच आहे.

शिवाय चांगला गाइड असला की जे दिसत नाही ते दिसायला लागतं. बृहदीश्वराच्या, म्हणजे तंजावरच्या मोठ्या शिवमंदिराच्या, जोत्यावर सगळीकडे तमिळ शिलालेख आहेत. आपल्याला ती नक्षीच वाटते. गाइडनं सांगितलं म्हणून कळलं की हे देऊळ बांधणाऱ्या राजराज चोळ राजानं देवळाच्या सेवेला आणलेल्या चारशे नर्तकींची नावं तिथे एकेक करून कोरलेली आहेत, कोण कुठल्या देवळातून आली आणि कुठल्या आळीत राहायची ते घरासकट. हजार वर्षांपूर्वीच्या चारशे बायकांचे पत्ते! हे एकट्यानं फिरताना मला सात जन्मांत समजलं नसतं.

आता माझ्यासाठी पारडं कशानं फिरलं ते सांगतो. पायांनी.

टूरची बस सकाळी त्रिचीहून निघते. आधी श्रीरंगम, मग साठेक किलोमीटर तंजावर, आणि संध्याकाळी पुढचं गाव. नकाशावर हे अगदी नीट बसतं. अडचण एवढीच की बृहदीश्वराच्या दारात आपण पोचतो ते साडेअकरा-बाराला. साडेबाराला गाभारा बंद होतो, म्हणून आधी दर्शनाची रांग. दर्शन उरकून बाहेर आलो की सूर्य डोक्यावर. चपला दाराबाहेरच्या स्टँडवर, आणि समोर अडीचशे मीटरच्या आसपास लांबीचं उघडं प्रांगण, सगळं फरसबंदी. आम्ही गेलो तेव्हा मध्ये काथ्याच्या पट्ट्या अंथरलेल्या होत्या. सगळी बस त्या पट्टीवर एका रांगेत उभी, आणि पट्टी संपली की उड्या मारत पुढच्या सावलीपर्यंत धाव. आई पट्टीच्या टोकाला थांबली ती थांबलीच. तिनं देवळाच्या विमानाकडे, म्हणजे गाभाऱ्यावरच्या उंच मनोऱ्याकडे, वर मान करून पाहिलंच नाही, खाली बघत पाय कुठे टेकवायचा तेच शोधत राहिली. खरं सांगायचं तर आम्ही कोणीच नीट वर पाहिलं नाही. दोनशे फुटांहून उंच दगडी विमान, १०१० साली पुरं झालेलं, आणि चाळीस माणसं आपापल्या तळव्यांकडे बघत उभी.

गाइड नंदीमंडपाच्या सावलीत उभा राहून बोलत होता. त्याचा दोष नाही, तोही अनवाणीच होता. पण त्यामुळे देऊळ म्हणजे सावलीतून जेवढं दिसेल तेवढंच, असं झालं. बाकीचं त्यानं बोटानं दाखवलं.

तिथेच त्यानं ती प्रसिद्ध गोष्ट सांगितली की या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि का डोलावू नयेत? भर बाराला विमानाची सावली त्याच्या रुंद पायाबाहेर जवळजवळ येतच नाही, म्हणजे पुरावा समोरच होता. नंतर आम्ही दोघं गेलो ते दुपारी चारच्या पुढे. देऊळ पूर्वाभिमुख आहे, सूर्य मागे कललेला, आणि विमानाची सावली मंडपांवरून घसरत अंगणात चांगली लांब पडलेली. त्याच सावलीत तंजावरची माणसं डबे उघडून बसली होती, पोरं पळत होती. फरशी कोमट होती. आम्हीही तिथेच टेकलो आणि तासभर वर बघत राहिलो. तेरा मजले एकेक करून मोजले. उत्तरेच्या अंगाला ती टोपीवाली युरोपियन वाटणारी आकृती शोधून काढली, जिच्यावरून राजराजाला इंग्रज येणार हे आधीच ठाऊक होतं असं सांगतात. अभ्यासक तिला नंतरच्या दुरुस्तीतली भर मानतात. शिखरावरचा दगड ८० टनांचा आणि अखंड आहे, हीही तशीच गोष्ट; तो तुकडे जुळवून केलेला आहे असं जाणकारांचं म्हणणं आहे. मला उलट ते जास्त थोर वाटतं, की इतक्या उंचीवर ग्रॅनाइटचे तुकडे जुळवले आणि सांधा खालून कोणाला दिसू दिला नाही.

तर मुद्दा गाइड खरं सांगतो की खोटं हा नाही. मुद्दा वेळेचा आहे. हे देऊळ बाराला एक असतं आणि पाचला दुसरं, आणि टूर तुम्हाला पहिलंच दाखवते.

मराठी माणसाला याची झळ जरा जास्त बसते, ती अशी. प्रांगणाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, ओवरीच्या भिंतीवर, एक लांबलचक मराठी शिलालेख आहे. तंजावरचे भोसले राजे सरफोजी दुसरे यांनी १८०३ साली कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास. आपल्या भाषेतला, देवनागरीत, कावेरीकाठच्या चोळांच्या देवळात. वडिलांनी त्याबद्दल वाचलं होतं आणि ते बसमध्ये बसल्यापासून त्याच्याबद्दल बोलत होते. पण कोपरा दूर, मध्ये तापलेली फरशी, आणि टूर मॅनेजरनं घड्याळ दाखवलं: जेवण पलीकडच्या हॉटेलात लावून ठेवलंय, उशीर झाला तर गार होईल. त्याचंही बरोबर होतं. चाळीस माणसांत एकाला शिलालेख बघायचा असेल, तर बाकीच्या एकोणचाळीसांना उपाशी ठेवता येत नाही. वडील काही बोलले नाहीत. मला मात्र ते आजही लागतं.

दुसऱ्या वेळी मी आधी तिकडेच गेलो. अक्षरवळण जुनं आहे, पहिल्या ओळींना अडखळायला होतं. मग डोळा सरावतो आणि मालोजी, शहाजी, एकोजी अशी नावं लागायला लागतात. एकोजी म्हणजे व्यंकोजीराजे, शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, ज्यांनी १६७५च्या सुमारास हे राज्य घेतलं आणि ज्यांच्या वंशाकडे ते १८५५ पर्यंत राहिलं. हे सगळं पुस्तकात असतंच. पण भिंतीसमोर उभं राहून, तोंडानं पुटपुटत, एका वाक्याचा शेवट सापडेपर्यंत सरकत जाणं वेगळं. बायको फोटो काढत होती, मी वाचत होतो, आणि कोणी घड्याळ दाखवत नव्हतं. याच ओवऱ्यांतून पुढे गेलात तर ओळीनं मांडलेली शिवलिंगं आणि भिंतीवरची जुनी चित्रंही बघायला मिळतात. टूरमध्ये आम्ही तिकडे फिरकलोही नव्हतो.

राजवाड्याचं पण असंच, जरा कमी प्रमाणात. टूरवाले तिथे नेतात, निदान आम्हाला नेलं, पण सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहालयाला दहा मिनिटं आणि दरबार हॉलला फोटोपुरता थांबा. मला विचाराल तर कलादालनातल्या चोळ ब्राँझ मूर्तींना अख्खी सकाळ द्यावी. तिरुवेंकाडूहून आलेला वृषभवाहन शिव तिथे आहे, अकराव्या शतकाच्या आरंभीचा. बैल हरवलाय. पण शिवाचा हात अशा बेतानं टेकलेला आहे, कोपर असं सैल सोडलंय, की रिकाम्या जागेत बैलाची पाठ किती उंच असेल ते बरोबर कळतं. डोक्यावर जटा फेट्यासारख्या गुंडाळलेल्या. मागून जाऊनही बघा, पाठीचा बाक सुंदर आहे. हे घाईत दिसत नाही.

आणि एक जागा तर टूरच्या यादीत मी कधी पाहिलीच नाही. देवळाच्या बाजूलाच शिवगंगा तळ्याजवळ श्वार्ट्झचं चर्च आहे, १७७९चं. आत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराचं संगमरवरी शिल्प आहे: मिशनरी श्वार्ट्झ मृत्युशय्येवर, आणि त्याचा हात हातात घेतलेले तरुण सरफोजी. ज्यांनी ग्रंथालय वाढवलं आणि तो शिलालेख कोरवला ते हेच. देऊळ आणि चर्च दोन्ही एकाच संध्याकाळी चालत बघता येतात.

आपलं आपण जाण्यात त्रास नाही असं मुळीच नाही. गाडीची आरक्षणं लवकर संपतात. दुपारी साडेबारा ते चार काय करायचं हा रोजचा प्रश्न असतो. आम्ही तो खोलीवर झोपून सोडवला, पण लहान मुलं बरोबर असतील तर ते जमेलच असं नाही. खर्च थोडा कमी झाल्यासारखा वाटला, तरी रिक्षांचे पैसे धरले तर फरक फार नसावा. जेवणाला पोळी विसरायची. आम्हाला पानावरचा भात, सांबार, रसम आणि वर फिल्टर कॉफी यात काही कमी वाटलं नाही, पण चार दिवस भातावर काढायला कुरकुरणारी माणसं प्रत्येक घरात असतात, आणि त्यांच्यामुळे सहलीचा रंग जातो.

एक फायदा मात्र आधी लक्षात येत नाही: महिना आपल्या हातात राहतो. टूर बहुतेक दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत भरतात. दिवाळीच्या सुमारास तिकडे ईशान्य मोसमी पाऊस असतो, आणि मे महिन्यातल्या त्या फरशीबद्दल वेगळं सांगायला नको. जानेवारी-फेब्रुवारीत जमत असेल तर बघा. तेव्हा बारालाही पाय टेकवतील, असं वाटतं.

गाइडचं काय, तर तो सोडू नये असंच माझं मत आहे. देवळाच्या दाराशी ओळखपत्रवाले स्थानिक गाइड असतात. बहुतेक इंग्रजी बोलतात, काहींना कामापुरतं हिंदी येतं; मराठी बोलणारा मला भेटला नाही. पैसे आधी ठरवा आणि त्याला सरळ सांगा की दंतकथा नकोत, जोत्यावरचे लेख वाचून दाखव. आमचा गाइड हे ऐकून खूश झाला. तासभरानं त्याचे पैसे देऊन आम्ही मोकळे झालो आणि मग हवं तेवढं रेंगाळलो. जवळ दारासुरमचं चोळकालीन देऊळ आहे, कुंभकोणमला लागून. तिथेही हाच उपाय चालला. कुंभकोणमपर्यंत रेल्वे आहे, त्यासाठी टूर लागत नाही.

प्रदोष असेल त्या दिवशीचं आधी बघून ठेवा. संध्याकाळी त्या प्रचंड नंदीवर अभिषेक होतो आणि अंगण माणसांनी भरून जातं. निवांतपणा हवा असेल तर दुसरा दिवस निवडा. हजार वर्षं चालत आलेलं देऊळ अजून वापरात आहे म्हणजे काय हे बघायचं असेल तर मुद्दाम तोच निवडा. आम्ही तोच निवडला.

मग कोणी काय करावं? आईवडील बरोबर असतील, किंवा एकाच सुट्टीत रामेश्वर, मदुराई, कन्याकुमारी सगळंच करायचं असेल, तर टूर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मी आईला घेऊन गेलो नसतो तर तिचं रामेश्वर राहिलं असतं. पण तंजावरसाठीच तंजावरला जायचं असेल, तर दोन रात्रींची खोली देवळाच्या आसपास घ्या आणि स्वतः जा, असं मी तरी सांगेन.

आणि टूरच घेणार असाल तर पैसे भरण्याआधी कंपनीला हॉटेलचे स्टार आणि जेवणाचा मेनू विचारता, तसा आणखी एक प्रश्न विचारा: बृहदीश्वराच्या दारात बस किती वाजता पोचते? सकाळी आठच्या आत किंवा चारच्या नंतर असं उत्तर आलं तर निश्चिंत जा. अकरा ते तीनच्या मधलं असेल, तर क्रम बदलता येईल का विचारून बघा; पुरेशा लोकांनी विचारलं तर बदलतीलही. नाही म्हणाले, तर मोज्यांचा जाड जोड बरोबर ठेवा आणि नैर्ऋत्य कोपरा कुठे आहे ते बसमध्येच नकाशावर बघून ठेवा.