लेट्यूस सी स्लग: मराठवाड्यातल्या टाकीत घ्यावा का?

अंगावर हिरव्या-निळसर झालरी असलेला, चार-पाच सेंटिमीटर लांबीचा हा बिनशंखाचा समुद्री गोगलगाईसारखा जीव इतका देखणा आहे की पाहताच घ्यावासा वाटतो. मूळचा तो फ्लोरिडा, बहामा आणि कॅरिबियनच्या उथळ समुद्रातला. शास्त्रीय नाव एलिसिया क्रिस्पाटा. विक्रेते त्याला सर्रास न्यूडिब्रँक (समुद्री स्लगांचा दुसरा एक गट) म्हणतात, ते चूक. न्यूडिब्रँक मांसाहारी असतात, हा शेवाळ खातो. दातांच्या एकाच रांगेने शेवाळाची पेशी टोचून रस ओढतो आणि त्यातली हरितलवकं अंगात साठवतो. हिरवा रंग त्यातूनच येतो. त्यामुळे ‘नुसत्या उजेडावर जगतो’ असं म्हटलं जातं, पण त्याला भुलू नका. साठवलेल्या लवकांवर तो काही आठवडे तग धरतो, पण दिवसेंदिवस आकसत जातो. आकसणं म्हणजे उपासमार.

टाकीत ब्रायोप्सिस किंवा डर्बेसिया हे हिरवं, केसाळ शेवाळ माजलं असेल, तर याच्यासारखा कामाचा जीव नाही. काचेवरची तपकिरी साय आणि लाल सायनो (सायनोबॅक्टेरियाचा बुळबुळीत थर) मात्र तो खात नाही. शंभर लिटरला एक पुरे.

आपल्याकडे खरी अडचण पाण्याची. बोअरचं जड पाणी चालत नाही. घरच्या आरओचंही तपासून घ्या, कारण त्यातला टीडीएस कंट्रोलर (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण ठरवणारा नळ) कच्चं पाणी परत मिसळतो. तो बंद करा, पुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारा फिल्टर) लावा, टीडीएस मीटरवर शून्य यायला हवा. लिटरला साधारण ३५ ग्रॅम सागरी मीठ, सापेक्ष घनता १.०२५. तापमान २४ ते २७ अंश. एप्रिल-मेमध्ये चिलरशिवाय (पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) घेऊच नका. कोरड्या हवेत पाण्यावर पंखा सोडला की दोन-तीन अंश उतरतात खरे, पण पाणी झपाट्याने उडतं आणि खारटपणा वाढतो. रोज बिनमिठाच्या आरओ पाण्यानेच भर घाला. लाईट जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप हवाच.

आणल्यावर दीड-दोन तास ठिबक पद्धतीने, म्हणजे टाकीचं पाणी थेंबथेंब मिसळत, पाण्याला सरावू द्या. पंपाच्या तोंडाला जाड स्पंज बांधा, अनेक स्लग तिथेच ओढले जाऊन मरतात. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवर पूर्वी तांब्याचं औषध वापरलेल्या टाकीत हा सोडू नका. दगड-वाळूत मुरलेलं तांबं पुन्हा पाण्यात उतरतं.

शेवाळ संपत आलं की लगेच दुसऱ्या शेवाळलेल्या टाकीत हलवा. तशी टाकी आधीच हेरून ठेवली नसेल, तर आम्ही हा घ्यायला सांगणार नाही.