क्लच-गिअरबॉक्सचं काम: घरी, गल्लीतल्या गॅरेजात की कंपनीत?

दोन वर्षांपूर्वी मुंबईहून नाशिकला येताना कसारा घाटात माझ्या २०१२ च्या वॅगनआरचं इंजिन नुसतं रेस होत होतं आणि गाडी काही वेग घेईना. इगतपुरीत थांबलो तेव्हा जळक्या वासाने बोनेटजवळ उभं राहवत नव्हतं. क्लच गेलाय हे कळायला मेकॅनिकची गरज नव्हती. पुढचा आठवडा मात्र एकाच प्रश्नात गेला. घराशेजारी कोबा केलेली मोकळी जागा आहे, हत्यारं बऱ्यापैकी आहेत, मग हे काम आपण करायचं की नेहमीच्या गॅरेजात गाडी लावायची? मी घरी केलं. तरीही हाच प्रश्न कुणी मला विचारला, तर बहुतेकांना मी गॅरेजात जा असंच सांगतो. त्याचं कारण माणसाच्या हुशारीत नाही, बिघाड नेमका कुठे आहे त्यात आहे.

आधी बिघाडाची जागा शोधा

‘गिअर नीट पडत नाही’ ही तक्रार तीन जागांपैकी कुठूनही येऊ शकते. पहिली जागा गिअरबॉक्सच्या बाहेरची: क्लच केबल, गिअर लिव्हरच्या केबल, त्यांचे बुश, माउंटिंग, ऑइल. दुसरी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधली: क्लचप्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पेडल दाबल्यावर ती पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग. तिसरी गिअरबॉक्सच्या पोटातली: बेअरिंग, सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवून देणारी कडी), गिअर. बाहेरचं काम घरी खुशाल करा. मधलं विचार करून करा. पोटातलं घरी करू नका.

हे ओळखण्यासाठी काही साध्या चाचण्या आहेत, आणि गाडी कुठेही नेण्याआधी त्या करून बघाच. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाही असा अर्थ. तेव्हा आधी केबलचं सेटिंग आणि पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची मोकळी हालचाल, बघायची. हायड्रॉलिक क्लच असेल तर फ्लुइडची पातळी आणि सिलिंडरची गळती बघायची. इंजिन बंद असतानाही अडत असतील, तर लिव्हरपासून गिअरबॉक्सपर्यंतच्या केबल आणि बुश तपासा. एकच गिअर टाकताना खरखर होते आणि बाकीचे ठीक पडतात, तर बहुधा त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली आहे. याला रिव्हर्सचा अपवाद. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतोच. क्लच दाबून दोन-तीन सेकंद थांबलं की तो निमूट पडतो, त्यासाठी गिअरबॉक्सला दोष देऊ नका.

आवाजाचंही तसंच आहे. गाडी न्यूट्रलमध्ये, इंजिन चालू, पाय क्लचवर नाही, अशा वेळी घूं घूं आवाज येतो आणि क्लच दाबताच थांबतो, तर संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर रिलीज बेअरिंग. आणि वळताना पुढच्या चाकातून कटकट येते ती एक्सलच्या सीव्ही जॉइंटची. तिचा गिअरबॉक्सशी संबंध नसतो.

क्लच घसरतोय का, हे सपाट आणि मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढून तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरवर थोडं रेस करत क्लच हळू सोडून बघतात. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडतं. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. ही चाचणी एकदाच करायची, पुन्हा पुन्हा केली तर उरलीसुरली प्लेटही जळते.

मी हे इतकं लांबवून सांगतोय कारण माझ्या मावसभावाला एका गॅरेजात ‘गिअरबॉक्स उतरवावा लागेल’ असं सांगितलं होतं. त्याच्या गाडीत लिव्हरच्या केबलच्या टोकाचा प्लास्टिकचा बुश तुटला होता, बाकी काही नव्हतं. बोनेट उघडून अर्ध्या तासात तो बदलला. निदान चुकलं की घरी आणि गॅरेजात दोन्हीकडे पैसे वायाच जातात.

ऑइल बदलणं: घरीच करा

मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑइल बदलण्यासाठी गॅरेजात जायचं कारण नाही. छोट्या गाडीत ते साधारण दोन ते अडीच लिटर लागतं, नेमका आकडा आणि ग्रेड गाडीच्या पुस्तकात असतो. दोन गोष्टी मात्र मनावर घेऊन पाळा. एक, आधी भरण्याचा बोल्ट सैल होतो का ते बघा आणि मगच खालचा, ऑइल काढण्याचा बोल्ट खोला. ऑइल काढून टाकलं आणि वरचा बोल्ट गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. दोन, पुस्तकात जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) लिहिलं असेल तर ‘त्याहून भारी’ म्हणून जीएल-५ ओतू नका. जीएल-५ मधली रसायनं पितळी सिंक्रो रिंगला बाधू शकतात आणि गिअर पडणंही बिघडू शकतं. दुकानदार भारी म्हणतो म्हणून हे ऑइल घालणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून तळमळीने सांगतो.

काढलेल्या ऑइलकडेही नीट बघा. बोल्टच्या चुंबकावर काळपट, मऊ लगदा असेल तर ती नेहमीची झीज. टोचणारे तुकडे किंवा दाताचा कण सापडला तर प्रश्न पोटातला आहे. जुनं ऑइल गटारात ओतू नका. गॅरेजवाल्यांकडून ते गोळा करणारे लोक असतात, डबा भरून त्यांच्याकडे द्या.

क्लच: खरा निर्णय इथे

क्लचप्लेट ही झिजण्यासाठीच बनवलेली वस्तू आहे. पण ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये असते, त्यामुळे एवढीशी प्लेट बदलायची तरी तीसेक किलोचा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. घरी करायचं की नाही हे इथेच ठरतं.

पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीत काम साधारण असं चालतं. बॅटरीची वायर काढायची, क्लच आणि गिअरच्या केबल सोडायच्या, स्टार्टर काढायचा, गिअरबॉक्सचं ऑइल काढायचं. चाकं काढून हबचे नट, खालचे बॉल जॉइंट, दोन्ही एक्सल बाहेर. मग इंजिनाला आधार द्यायचा, कारण डावीकडचं माउंटिंग गिअरबॉक्सवरच असतं आणि ते सोडलं की इंजिन त्या बाजूला झुकतं. त्यानंतर बेल हाउसिंगचे, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडलेल्या तोंडाचे, बोल्ट काढून गिअरबॉक्स बाजूला सरकवत खाली घ्यायचा. काही गाड्यांत खालचा क्रॉस मेंबरही सोडवावा लागतो.

मला आणि मावसभावाला मिळून अडीच दिवस लागले. गॅरेजात दोन पोरं हेच काम सकाळी धरून संध्याकाळपर्यंत गाडी देतात. आमचा पहिला दिवस हबच्या नटमध्येच गेला. तो ठोकून लॉक केलेला असतो, आणि लांब पाइप लावल्याशिवाय हलला नाही. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लचप्लेट ज्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या जड चक्रावर, निळसर डाग दिसले. घाटात क्लच घसरला होता ना, त्याची ती खूण. फ्लायव्हील लेथवर नेऊन साफ करायचं होतं आणि तो रविवार होता. लेथवाला सोमवारी उघडणार. तोपर्यंत गाडी स्टँडवर, पार्ट वर्तमानपत्रावर मांडलेले. घरात दुसरी गाडी किंवा निदान स्कूटर नसेल, तर एवढ्या एका कारणासाठीसुद्धा मी घरी काम काढणार नाही.

शेवटचा टप्पा सगळ्यात अवघड निघाला. नवी प्लेट मधोमध बसवण्यासाठी सेंटरिंग टूल लागतं. ते जुन्या शाफ्टच्या तुकड्याचंही चालतं, पण अंदाजाने बसवू नका. प्लेट मध्यावर नसेल तर गिअरबॉक्स चढतच नाही, आणि तो बोल्ट आवळून जबरदस्तीने ओढला की प्लेटचा हब मोडतो. आम्ही तो चढवायला दोन तास झटलो. छातीवर गिअरबॉक्स घेऊन शाफ्टचे दात जुळवण्याचा मूर्खपणा करू नका. ट्रॉली जॅक, त्यावर फळी, दोरीने बांधलेला गिअरबॉक्स आणि दोन माणसं, याहून कमी तयारीत हे काम नको.

गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, विटांच्या थप्पीवर तर नाहीच नाही. चांगले जॅक स्टँड, मागच्या चाकांना ओंडके, जमीन सपाट आणि टणक. अपार्टमेंटच्या उताराच्या पार्किंगमध्ये किंवा पावसाळ्यात अंगणातल्या मातीवर हे काम करू नका. पैसे वाचवण्याच्या नादात गाडी अंगावर आलेली माणसं आहेत, हे लिहिताना माझा हात जड होतो.

हिशेब

बरेच जण इथे चुकतात. पार्टचे पैसे घरी केलं तरी तेवढेच लागतात. वाचते ती फक्त मजुरी. माझ्या गॅरेजवाल्याने मजुरी अडीच हजार सांगितली होती. ट्रॉली जॅक, स्टँडची जोडी आणि टॉर्क रेंच यांनाच मला त्याहून जास्त पडले. पुढची दहा वर्षं घरच्या गाड्यांची कामं तुम्हीच करणार असाल तर ते पैसे वसूल होतात. एकाच क्लचसाठी नाही.

घरी केल्याचा खरा फायदा मला दुसराच मिळाला. फ्लायव्हीलमागचं इंजिनचं ऑइल सील ओलसर दिसलं, ते तेव्हाच बदललं. रिलीज बेअरिंग आणि फोर्कचे बुशही नवे टाकले. घाईच्या गॅरेजात, तुम्ही न सांगता, हे होईलच असं नाही.

मागच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाड्यांत, म्हणजे ओम्नी-ईको किंवा बोलेरोसारख्या, पुढचे एक्सल काढायचे नसतात. प्रोपेलर शाफ्ट सोडला की वाट मोकळी होते. ओम्नी-ईकोचं काम त्यामुळे घरी त्यातल्या त्यात सुसह्य आहे. बोलेरोचा गिअरबॉक्स जड असतो, तो लिफ्टवरच बरा.

पोटातलं काम आणि ऑटोमॅटिक

गिअरबॉक्स उघडला की बेअरिंग काढायला पुलर आणि बसवायला प्रेस लागतो. सर्क्लिप, शिम, सिलेक्टरच्या छोट्या गोळ्या आणि स्प्रिंगा असतात. एक गोळी उडून हरवली तर सगळं थांबतं. शिमची, म्हणजे फट भरणाऱ्या पातळ चकतीची, जाडी मोजून ठरवायची असते. या कामाला गिअरबॉक्सचीच कामं करणारा मिस्त्री शोधा. मोठ्या गावांत असे लोक असतात आणि नेहमीच्या गॅरेजवाल्याला ते माहीत असतात.

एएमटी (क्लच आणि गिअर यंत्राने आपोआप चालवणारी गाडी) दिसायला ऑटोमॅटिक असली तरी आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. २०१४ मध्ये सेलेरिओतून ती आपल्याकडे आली. प्लेट तीच, पण बदलल्यावर स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून क्लचचं सेटिंग गाडीला नव्याने शिकवावं लागतं. स्कॅनर नसेल तर घरी हात लावू नका. सीव्हीटी (बेल्ट-पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) आणि डबल क्लचच्या गाड्या थेट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात किंवा त्यातल्या जाणकाराकडे. त्यांचं ऑइलसुद्धा वेगळं असतं, आणि काही गाड्यांत ते ठरावीक तापमानाला मोजून भरायचं असतं.

शिकायचं असेल तर दुचाकीवर

हौस आहे पण अनुभव नाही, त्यांनी सुरुवात स्कूटर किंवा मोटरसायकलपासून करावी. स्कूटरचा बेल्ट, रोलर आणि क्लच डाव्या बाजूच्या कव्हरखाली असतात. व्हेरिएटर (बेल्टची पुढची पुली) धरायचं हत्यार आणि योग्य मापाची गोटी, म्हणजे सॉकेट, असेल तर एका दुपारचं काम. स्प्लेंडरसारख्या मोटरसायकलच्या क्लचप्लेट ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. ऑइल काढायचं, कव्हर खोलायचं, प्लेट बदलायच्या, नवं गॅस्केट लावायचं. मोटरसायकलला जासो एमए (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण) लिहिलेलंच ऑइल भरा. कारचं ऑइल भरलं तर नव्या प्लेटसुद्धा घसरू शकतात.

गल्लीतलं गॅरेज की कंपनी?

वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनी, त्यात वाद नको. वॉरंटी संपलेल्या, साध्या मॅन्युअल गाडीच्या क्लचला मी भरवशाच्या गॅरेजला झुकतं माप देतो. हात बसलेला असतो, मजुरी कमी, आणि आपण शेजारी उभं राहून बघू शकतो. कंपनीत पक्कं बिल आणि अस्सल पार्ट मिळतात, पण गिअरबॉक्सच्या आतला बिघाड असेल तर छोटा पार्ट बदलण्याऐवजी अख्खा संच बदला असं ऐकायची तयारी ठेवा.

गॅरेजात देताना क्लचचा संच शक्य तर स्वतः आणा. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला दुकानंच दुकानं आहेत, फक्त खोकं आणि सील बघून घ्या. प्लेट एकटी बदलू नका, प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही सोबतच, नाहीतर खोलायची मजुरी दोनदा द्यावी लागते. जुने पार्ट परत मागा. आणि काम करताना फ्लायव्हीलचा फोटो पाठवायला सांगा. चांगला मिस्त्री याला नाही म्हणत नाही.

काम घरी केलं असो वा बाहेर, पहिल्या रात्री गिअरबॉक्सखाली एक स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी एक्सल शिरतो त्या जागेखाली डाग दिसला तर ऑइल सील नीट बसलेलं नाही. पहिले काही आठवडे घाटात अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरू नका, हँडब्रेक वापरा. नव्या प्लेटला तेवढी मुदत लागते.