नेटवर्कवरून लिनक्स : डेबियन की आर्च?

डेबियन आणि आर्च ही लिनक्स या संगणक प्रणालीची दोन रूपे. डेबियनची नेटइन्स्ट (नेटवरून इन्स्टॉल करण्याची) फाइल असो वा आर्चची आयएसओ (इन्स्टॉल करण्याची फाइल), दोन्ही पेनड्राइव्हवर सहज मावतात आणि बहुतेक पॅकेजे (सॉफ्टवेअरचे संच) इन्स्टॉल करतानाच इंटरनेटवरून उतरवून घेतात. खरा फरक पुढे, अपडेट करताना, जाणवतो. डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण २ वर्षांनी येते, तिला दीर्घकालीन आधार धरून सुमारे ५ वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात, आणि ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ हे पॅकेज सुरू ठेवले की त्या आपोआप बसतात. आर्चला अशा आवृत्त्याच नाहीत. तिथे ‘पॅकमॅन’ या पॅकेजे सांभाळणाऱ्या साधनाने वेळोवेळी संपूर्ण प्रणाली अपडेट करावी लागते, अर्धवट अपडेट चालत नाही आणि त्याआधी प्रकल्पाच्या सूचना वाचणे अपेक्षित असते (नेमका हाच कंटाळा नडतो). शाळेच्या संगणक कक्षासाठी मी डेबियनच निवडेन. आर्च मात्र स्वतःच्या लॅपटॉपवर, सवडीने.